केअर सेंटरमधली शुश्रूषा चांगली आहे की नाही, हे नेमकं कशावरून ओळखायचं?

सोनचाफा
पुण्यातली तीन केअर सेंटर्स यादीत आहेत. रुग्ण ८२ वर्षांच्या बाई. पक्षाघातानंतर उजवी बाजू लुळी, नाकातून नळी, लघवीला कॅथेटर, मधुमेह (रात्री इन्सुलिन), बोलणं जेमतेम. चोवीस तास नर्स असलेली जागा हवी आहे.

तिन्ही ठिकाणी फोनवर एकच उत्तर मिळतं, "घरच्यासारखी काळजी घेतो". गूगलवर तिघांनाही साडेचारच्या वर तारे. ते तारे देणारे बहुतेक जण रविवारी तासभर भेटून गेलेले नातेवाईक असतात, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवायची इच्छा नाही. मला डोळ्यांनी बघता येईल, मोजता येईल असं काहीतरी हवंय. गेल्यावर काय बघायचं, काय विचारायचं आणि कोणत्या उत्तरावर सावध व्हायचं? या कामातली माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मेतकूट
वास. दारातून आत शिरलात की नाक आधी सांगतं.

सिस्टर_शेवंती
मेतकूट, वासावर इतकं विसंबू नका. सकाळी नऊ-दहाला एखाद्या खोलीत वास येणारच, तेव्हा डायपर बदलणं चालू असतं. तो अर्ध्या तासात जायला हवा. वास सगळ्या मजल्यावर आणि सगळा दिवस असेल, तर गाद्यांचं रेक्झिन फाटून आतल्या फोममध्ये लघवी मुरलेली असते. आणि नाक चुरचुरेल इतका फिनेलचा वास येत असेल, तर तो मी चांगला धरत नाही.

सोनचाफा, तुम्ही कातडी बघा. अंथरुणावरच्या माणसाची कातडी म्हणजे त्या जागेचं प्रगतिपुस्तक. दुसऱ्यांच्या रुग्णांची कातडी तुम्हाला दाखवणार नाहीत, दाखवूही नये. पण टाचा, कोपर आणि कानाच्या पाळ्या चादरीबाहेरही दिसतात. टाचा उशीवर सरळ टेकलेल्या आहेत, की पोटरीखाली उशी घेऊन टाच अधांतरी ठेवली आहे? हे दारातून दिसतं आणि ते करणारी माणसं बाकीचंही करतात.

नंतर विचारा, "सध्या किती जणांना बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) आहेत, त्यातले इथे झालेले किती आणि येतानाच असलेले किती?" "आमच्याकडे कुणालाच नाही" हे उत्तर ऐकून खूश होऊ नका. वीस अंथरुणावरची माणसं आहेत आणि एकालाही कधीच नाही, असं क्वचित असतं. बहुधा तिथे कुणी पाठ उलटून बघत नाही, किंवा बघितलेलं लिहीत नाही. "तिघांना आहे, दोघं हॉस्पिटलमधून घेऊन आले, एक इथे झाला, आता दुसऱ्या टप्प्यावर आहे" असं सांगणारी इनचार्ज भेटली, तर तिथे थांबून पुढचं बोला.

कूस बदलण्याचा तक्ता मागून बघा. साधारण दर दोन तासांनी डावी, उजवी, उताणी. उजवी बाजू लुळी असेल तर त्या कुशीवरचा वेळ कमी ठेवतात आणि तो खांदा अंगाखाली दाबला जाणार नाही हे बघतात. पूर्ण नव्वद अंशांवर आडवं करत नाहीत, पाठीमागे उशी लावून तीसेक अंशांचा कल देतात, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. तक्त्यात प्रत्येक ओळीला २:००, ४:००, ६:०० अशी घड्याळी वेळ, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात असेल, तर तो तक्ता पाळी संपताना बसून भरलेला आहे. खरा तक्ता थोडा वाकडातिकडा असतो: २:१०, ४:२५, मध्येच "संडास झाली, पुसून बदलली".

दवबिंदू
@शेवंती, आल्फा बेड (पंपाने हवा भरत राहणारी गादी) असेल तरीही दोन तासांचा नियम आहे का? बऱ्याच ठिकाणी "आमच्याकडे सगळ्यांना हवेची गादी आहे" असं सांगून विषय संपवतात.

सिस्टर_शेवंती
आहे. गादीमुळे दोन फेऱ्यांमधलं अंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडं वाढवता येतं, कूस बदलणं टळत नाही. आणि त्या गाद्या अर्ध्या ठिकाणी नीट चालतच नसतात. पंपाचा खटका बंद, नळी पलंग आणि गादीमध्ये दुमडलेली, दाबाचं बटण माणसाच्या वजनाप्रमाणे न लावता शेवटपर्यंत फिरवलेलं. मग गादी फळीसारखी कडक होते. गादीवर रेक्झिन, त्यावर सोलापुरी चादर, त्यावर अंडरपॅड, त्यावर पुन्हा दुमडलेली साडी, इतके थर टाकले की हवेचा उपयोग उरत नाही. वर एक पातळ चादर आणि एक अंडरपॅड पुरे.

तपासायचं असं: माकडहाडाखाली, गादीच्या खालच्या बाजूने तळहात वर करून सरकवा. हाताला हाड टेकल्यासारखं लागलं तर गादी बसली आहे. मध्ये निदान इंचभर हवा जाणवली पाहिजे.

आणि लाल झालेल्या जागी मालिश करणारी मावशी दिसली तर थांबवा. स्पिरिट लावून चोळायची सवय अजून गेलेली नाही. चोळल्याने आतल्या दुखावलेल्या पेशी आणखी फाटतात. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही नको, ती भोवतालचा रक्तपुरवठा दाबते.

सह्यकडा
मी एकच प्रश्न विचारतो: रात्री दोन वाजता इथे जागं कोण असतं आणि किती जण?

गणिती_आजोबा
सह्यकडांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण नुसता आकडा ऐकून कळत नाही, हिशोब मांडावा लागतो.

समजा मजल्यावर २० अंथरुणावरची माणसं आहेत. कूस बदलायला दोन माणसं आणि पाच मिनिटं धरा. उचलायचं, उशा लावायच्या, ओलं आहे का बघायचं, पांघरूण घालायचं, म्हणजे पाच मिनिटं काही फार नाहीत. २० गुणिले ५ म्हणजे १०० मिनिटं. फेरी १२० मिनिटांची. रात्री दोनच मावशा असतील तर दोन तासांतली २० मिनिटं उरली. त्यात डायपर बदलणं, कुणाला पाणी, कुणी उठून बाथरूमला निघालं त्याला धरणं. तेव्हा रात्री २० जणांमागे दोन मावशा असतील तर कूस बदलली जात नाही, तक्ता काहीही म्हणो. याच हिशोबाने दहा-बारा जणांमागे दोघी असतील तर जमू शकतं. नर्स यात धरायची नाही, तिला औषधं, साखर तपासणं, सक्शन (घशातला कफ यंत्राने ओढून काढणं) असतं.

विचारताना "तुमच्याकडे स्टाफ किती?" असं विचारू नका. त्यात स्वयंपाकी, ड्रायव्हर, सुट्टीवरचे सगळे येतात. "आज रात्रीचा ड्यूटी चार्ट दाखवा" म्हणा. पाळी आठ तासांची की बारा तासांची, तेही बघा. बारा तासांची पाळी करून तीच बाई दुसऱ्या दिवशी "डबल" करत असेल, तर पहाटे चार वाजता ती झोपलेली असणार, आणि त्यात तिचा दोष नाही.

निशिगंध_ठाणे
"नर्स" म्हणजे कोण, हेही विचारा. जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली, की सहा महिन्यांचा कोर्स केलेली मदतनीस? पांढरा डगला दोघीही घालतात. मदतनीस मुली कामाला उत्तम असतात, पण नाकातली नळी घालणं, इन्सुलिनचा डोस ठरवणं, कॅथेटर बदलणं त्यांच्यावर सोपवू नये.

मेतकूट
वासाचं मत मागे घेतो. धाग्याचं नाव "रात्री मावशा किती?" ठेवा.

कृष्णाकाठ
नाकातल्या नळीबद्दल कुणी लिहिलं नाही. ती नीट सांभाळली जाते का, हे दहा मिनिटांत कळतं. फीडच्या, म्हणजे नळीतून पातळ अन्न देण्याच्या, वेळी जा आणि शेजारी उभे राहा.

आधी पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर केली पाहिजे, फीडनंतरही निदान अर्धा-पाऊण तास तशीच. आडवं निजवून फीड दिलं की ते उलटून फुफ्फुसात जातं. या रुग्णांच्या वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाचं हे एक मोठं कारण आहे. मग नळी जागेवर आहे का ते बघणं: नाकाशी नळीवर केलेली खूण हलली नाही ना, सिरिंजने ओढल्यावर पोटातला द्रव येतो का. पोटावर स्टेथोस्कोप लावून हवेचा आवाज ऐकण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण एकट्या तिच्यावर भरवसा ठेवू नये, नळी फुफ्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप, पट्टीवर कळतं) ५.५ किंवा कमी आला तर ती पोटात असल्याची चांगली खूण. नव्याने घातलेल्या नळीबद्दल शंका असेल तर एक्स-रे.

फीड साधारण २०० ते २५० मिली, सिरिंजचा दट्ट्या काढून, उंचावर धरून, आपल्या वजनाने जाऊ द्यायचं. दट्ट्याने ढकलून दोन मिनिटांत संपवणारी व्यक्ती दिसली, तर तिच्यावर दहा जणांचं काम आहे असं समजा. फीडच्या आधी आणि नंतर ३०-३० मिली पाणी. नळी तुंबते ती बहुतेक या पाण्याची टाळाटाळ केल्याने आणि गोळ्या जाडसर कुटून फीडमध्येच मिसळल्याने.

गोळ्या प्रत्येक वेगळी कुटायची, वेगळी द्यायची, मध्ये थोडं पाणी. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) किंवा आतड्यात विरघळणारं आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्याच नाहीत. हळूहळू सुटणाऱ्या गोळीचा दिवसभराचा डोस एकदम सुटतो. डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्यायचा. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर त्याच्या आधी आणि नंतर एक-दोन तास फीड थांबवावं लागतं, नाहीतर औषध अंगी लागत नाही. इनचार्ज सिस्टरला हे विचारून बघा. तिला माहीत असेल तर ती सांगताना खुलते.

पारिजातक
फीडमध्ये घालतात काय, तेही बघा! बऱ्याच ठिकाणी डाळीचं वरचं पाणी, तांदळाची पातळ पेज आणि नारळपाणी, एवढ्यावर काम चालतं.

तिखटमीठ
पेजेत वाईट काय? पचायला हलकी असते. आमच्याकडे कोकणात आजाऱ्याला पेजच देतात.

पारिजातक
पेज पचायला हलकी आहेच, पण चार दिवसांच्या तापासाठी. इथे वर्षभर त्यावरच जगायचं आहे. ५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १२५० ते १५०० उष्मांक आणि ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील. २५० मिलीची सहा फीड्स म्हणजे १५०० मिली. म्हणजे एका मिलीमागे जवळपास एक उष्मांक मिळाला तरच गणित जमतं. गाळलेली पातळ पेज आणि डाळीचं पाणी त्याच्या जवळपासही जात नाही. गाळणीत अडकून फेकली जाते ती डाळ, प्रथिनं तिच्यात असतात. वरच्या पाण्यात मीठ, हळद आणि रंग उरतो.

शिजलेली डाळ, भात आणि भाजी मिक्सरमध्ये पूर्ण वाटून, गाळून, चमचाभर तेल घालून, दुधात कालवलेली प्रोटीन पावडर किंवा उकडलेलं अंडं वाटून, असं फीड जमतं. २०० मिली दुधात साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, एका अंड्यात सहा. वहीत नुसतं "फीड दिलं" लिहिलेलं असतं. "काय आणि किती मिली" लिहिलेलं असावं. आणि स्वयंपाकघरात सकाळी करून ठेवलेलं फीड दुपारभर ओट्यावर उघडं तर नाही ना, ते बघा. पुण्याच्या एप्रिलमध्ये ते दोन तासांत बिघडतं.

तिखटमीठ
पटलं. डाळीचं पाणी या दृष्टीने कधी बघितलं नव्हतं.

गणिती_आजोबा
याला जोडून: वजन. महिन्यातून एकदा वजन करतात का आणि लिहितात का? एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची खूण मानतात. ५० किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो गेले, तर डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसतं. माझ्या मते एकच कागद बघायचा असेल तर वजनाचा बघावा. तक्ते खोटे लिहिता येतात, पण वजनाचा आकडा आपण स्वतः पडताळू शकतो.

बर्गन_काउंटी
न्यू जर्सीतून. इथे मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) संकेतस्थळावर प्रत्येक नर्सिंग होमचे एक ते पाच तारे असतात, २००८ पासून. ते तीन गोष्टींवरून ठरतात: तपासणी, कर्मचारी आणि रुग्णांच्या प्रकृतीचे निर्देशक. कर्मचाऱ्यांचे तास पगारपत्रकावरून घेतात, त्यामुळे त्यात फार लबाडी करता येत नाही. प्रकृतीचे आकडे मात्र संस्था स्वतः कळवतात, म्हणून जाणकार लोक तपासणीचा तारा आणि मूळ अहवालच वाचतात. त्यात "अमुक रुग्णाला तमुक वेळेपर्यंत ओल्यात ठेवलं" इतक्या बारकाईने लिहिलेलं असतं. पुण्यात असे अहवाल मिळतील का?

लीड्सकर
इंग्लंडमध्येही केअर क्वालिटी कमिशनचे (केअर सेंटर्स तपासणाऱ्या संस्थेचे) अहवाल खुले असतात, "उत्कृष्ट" ते "अपुरी" अशा चार श्रेणी. पण जुना अहवाल आणि नवा मॅनेजर अशी जोडी असेल तर श्रेणीला फार अर्थ राहत नाही. मॅनेजर किती वर्षं टिकून आहे, हे तिथेही विचारावंच लागतं.

उपविभागीय
@बर्गन_काउंटी, इथे तशा खुल्या श्रेणी नाहीत. जे कागद आहेत ते असे.

वृद्धाश्रम बहुधा न्यास किंवा संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, नाहीतर सरळ कंपनी किंवा भागीदारी. ती नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात असल्याचा पुरावा, शुश्रूषेच्या दर्जाचा नव्हे. पण जिथे आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा दिली जाते, ती जागा १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत येते. तेव्हा सलाइन, सक्शन, ऑक्सिजन देत असतील तर त्या नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. ते दर्शनी जागी लावलेलं असायला हवं. शहरात ही नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. प्रमाणपत्रावरची खाटांची संख्या आणि प्रत्यक्ष मोजलेल्या खाटा जुळतात का, ते बघा. मुदतीची तारीखही.

पैसे देऊन घेतलेली सेवा असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो, म्हणून प्रत्येक पावती जपा. छळ किंवा हेळसांड दिसली तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

न्यासाच्या संस्थेला (आयकर कायद्याची १२ एए / १२ एबी नोंदणी असलेल्या) वृद्धाश्रमाच्या निवास-भोजन-देखभालीच्या शुल्कावर दरमहा माणशी २५,००० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. बिलात तो लावला असेल तर कशावर लावला, ते विचारा.

धुमकेतू
एवढं सगळं करण्यापेक्षा खोलीत कॅमेरा असलेली जागा घ्या. फोनवर चोवीस तास दिसतं.

निशिगंध_ठाणे
अजिबात नाही. त्या खोलीत त्यांचा डायपर बदलतात, त्यांना स्पंजिंग करतात. ते चित्रीकरण कोणाच्या फोनवर, कोणाच्या सर्व्हरवर जातं? बोलता येत नाही म्हणून त्यांची लाज संपली, असं कसं धरायचं? शेजारच्या पलंगावरच्या बाईंची परवानगी कोणी घेतली? कॅमेरा मार्गिकेत, जिन्यात, जेवणघरात हवा.

धुमकेतू
हा मुद्दा लक्षातच आला नव्हता. पण मग मारहाण, ओरडणं हे कळणार कसं?

सिस्टर_शेवंती
अंगावरून कळतं. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या ठशांसारखे डाग, मनगटाभोवती वळ. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या धरण्यानेही डाग पडतात, म्हणून ते कुठे आहेत ते महत्त्वाचं. ठरावीक माणूस जवळ आला की अंग आखडतं का, तेही बघा.

आणि थेट विचारा, "त्यांनी नळी ओढून काढली तर तुम्ही काय करता?" हे रोज घडतं. चांगलं उत्तर: नळीची चिकटपट्टी बदलून गालावरून कानामागे घेतो, काही वेळ हाताला मऊ मोजा घालतो, तो दर दोन तासांनी काढून हात बघतो, आणि नळी अजून लागते का हे डॉक्टरांना विचारतो. वाईट उत्तर: "हात बांधतो, काळजी करू नका."

कृष्णाकाठ
दुसरं वाईट उत्तर: "रात्रीची एक गोळी सुरू करतो, शांत झोपतात." कोणती गोळी, कोणी लिहिली, किती दिवसांसाठी, हे चिठ्ठीवर हवं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये मनोविकाराच्या काही औषधांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. गुंगीत असलेल्या माणसाला खोकलाही नीट येत नाही, लाळ आत जाते. दुपारी चार वाजता भेटीला गेलात आणि हॉलमधले दहापैकी आठ जण मान टाकून पेंगत असतील, तर औषधांची वही मागा.

अबोली_मिरज
मी वेगळंच काहीतरी बघते. मावश्या रुग्णांना हाक कशी मारतात?

"ए आजी, सरक" आणि "आजी, आता कूस बदलते हं, डावा हात जरा धरा", या दोन वाक्यांत सगळं येतं. आयुष्यभर शाळेत बाई म्हणून वावरलेल्या माणसाला अरे-तुरे सुरू होतं, आणि बोलता येत नसल्यामुळे त्यांना विरोधही करता येत नाही. काही मावश्यांच्या गावाकडच्या बोलीत आजीला "तू" मायेनेच म्हणतात, ते सूर ऐकून कळतं. मी "तू"वर अडत नाही. अंगाला हात लावायच्या आधी सांगतात का, यावर अडते.

फिजिओ_नाशिक
अबोली, हीच कसोटी मी उचलण्याच्या बाबतीत लावतो. पलंगावरून व्हीलचेअरवर नेताना पाच मिनिटं उभं राहून बघा. लुळ्या हाताला किंवा काखेत धरून ओढत असतील, तर काही आठवड्यांत तो खांदा निसटणार आणि दुखणार. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक लावायचे, पावलांच्या पट्ट्या बाजूला करायच्या, कमरेला पट्टा किंवा घट्ट आवळलेली ओढणी बांधून तिथून धरायचं. पलंगावर वर सरकवताना अंगाखालच्या आडव्या चादरीला दोन्हीकडून धरून उचलायचं. घासत ओढलं की माकडहाडावरची कातडी सोलते.

लुळ्या हाताची मूठ वळलेली, नखं तळव्यात रुतलेली आणि तळव्याला कुबट वास, हे दिसलं तर तिथे व्यायाम फक्त बिलात होतो.

उपविभागीय
बिलावरून आठवलं. करारात हे तपासा: अनामत किती आणि किती दिवसांत परत, सोडायची पूर्वसूचना किती, हॉस्पिटलात दाखल केलं तर त्या दिवसांचं शुल्क पूर्ण की कमी, डायपर, अंडरपॅड, सिरिंज, फिजिओ यांपैकी शुल्कात काय आणि वर काय. "प्रकृती खालावल्यास शुल्कात वाढ" असं मोघम कलम असेल तर ती कोण आणि कशी ठरवणार, ते लिहून घ्या.

हे विचारायला जड जातं, पण विचारा: रात्री मृत्यू झाला तर दाखला कोणते डॉक्टर देणार? वैद्यकीय कारणाच्या दाखल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, आणि मुलं परदेशात असली की हा घोळ फार लांबतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी.

सह्यकडा
वीज गेल्यावर काय? इन्व्हर्टर फक्त दिव्या-पंख्यांना असतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र), सक्शन आणि आल्फा बेडचा पंप त्यावर चालतो का, ते प्लग काढून दाखवायला सांगा. जोडीला भरलेला सिलिंडर हवा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो. मिनिटाला दोन लिटरने बारा तासांच्या आसपास पुरतो, पाच लिटरने फक्त पाच. काटा शून्यावर असलेला सिलिंडर कोपऱ्यात शोभेला उभा असतो, म्हणून काटा बघा. आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का?

सोनचाफा
इतकं नेमकं लिहिलंत, मनापासून आभार. दोन जागा बघितल्या, तिसरी फोनवरच गळली (रात्रीचा ड्यूटी चार्ट दाखवायला नकार).

पहिली: नवी इमारत, लॉबी, एसी, प्रत्येक पलंगाला बेल. २२ अंथरुणावरचे रुग्ण, रात्री एक नर्स आणि दोन मावशा. कूस बदलण्याचा तक्ता अगदी घड्याळी वेळांचा. वजनाची नोंद दाखलच्या दिवशीची, पुढे कोरी.
दुसरी: जुना बंगला, रंग उडालेला, तळमजला. १२ रुग्ण, रात्री एक जीएनएम आणि दोन मावशा. "दोघांना बेडसोर आहेत, एक इथे झालाय" असं स्वतःहून सांगितलं. वजन दरमहा. पण इन्व्हर्टरवर सक्शन चालत नाही, आणि रात्री १० च्या फीडनंतर थेट सकाळी ७.

दुसऱ्या जागेकडे ओढा आहे. या दोन उणिवा किती गंभीर?

कृष्णाकाठ
रात्री १० ते सकाळी ७ म्हणजे नऊ तास. रात्री इन्सुलिन घेणाऱ्या आणि बोलू न शकणाऱ्या माणसाला हे अंतर धोक्याचं आहे. साखर ७० च्या खाली गेली तर घाम, थरथर, गुंगी येते. त्या सांगू शकत नाहीत आणि झोपेत कुणाला दिसत नाही. डॉक्टरांना विचारून रात्रीच्या इन्सुलिनचा प्रकार आणि डोस फीडच्या वेळांशी जुळवून घ्या, शेवटचं फीड ११ ला आणि पहिलं ५-५॥ ला होईल का ते ठरवा, आणि पहिले काही दिवस पहाटे ३ ची साखर मोजून लिहायला सांगा. कमी आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून नळीतून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. हे पलंगाजवळ मराठीत लिहून लावायला सांगा. जीएनएम सिस्टर असेल तर तिला यात काही अवघड नाही.

सह्यकडा
सक्शनला पायाने चालवायचं यंत्र मिळतं, विजेशिवाय. त्यांनी घेतलं नाही तर तुम्ही घेऊन द्या.

सिस्टर_शेवंती
मीही दुसरीच म्हणेन. दाखल करताना तुम्ही आणि इनचार्ज दोघींनी मिळून डोक्यापासून टाचेपर्यंत कातडी बघा आणि असलेल्या प्रत्येक डागाची नोंद तारखेसह दोघींच्या सहीने करा. त्याने तुम्हीही निश्चिंत आणि त्याही. कॅथेटर आणि नळी बदलल्याच्या तारखा चिकटपट्टीवर लिहून घ्या. लेटेक्सचा कॅथेटर असेल तर दोन ते चार आठवडे, सिलिकॉनचा बारा आठवड्यांपर्यंत. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. आणि महिन्याभराने डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: कॅथेटर अजून लागतो का, आणि गिळण्याची तपासणी करून नळी काढता येईल का. नळी लांबणारच असेल तर पेगबद्दलही (पोटावरून थेट जठरात बसवायची नळी) विचारा.

पहिले पंधरा दिवस वेगवेगळ्या वेळी जा. एकदा सकाळी साडेसहाला, एकदा पाळी बदलताना, एकदा रविवारी दुपारी चारला. गोळ्यांची पाकिटं मोजा. ३० गोळ्या दिल्या, दिवसाला एक, १२ दिवस झाले, तर १८ उरल्या पाहिजेत. २२ उरल्या असतील तर वहीतल्या सह्या बघायची गरज नाही.

सोनचाफा
दाखल करताना वजन कसं करू? त्या उभ्या राहू शकत नाहीत, आणि तिथे साधाच काटा आहे.

गणिती_आजोबा
व्हीलचेअरसकट. भंगाराच्या किंवा धान्याच्या दुकानात असतो तसा सपाट प्लॅटफॉर्मचा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. आधी रिकामी खुर्ची, मग त्या बसलेल्या, वजाबाकी करा. दर वेळी तीच खुर्ची, तीच उशी, लघवीची पिशवी रिकामी करून. काटा मिळालाच नाही तर चांगल्या पायाच्या पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपने मोजून लिहा. ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर पोषण कमी असल्याची शंका घेतात. त्या पायावर सूज नाही ना, हे मात्र आधी बघा, नाहीतर टेप फसवते.

पारिजातक
आणि त्याच दिवशी आत जाऊन बघा, गाळणीत डाळ उरते का.